पी. टी. उषा यांच्या कारकिर्दीतून धावणाऱ्या मुलीसाठी काय घ्यावं, काय सोडावं

प्रश्न थोडक्यात असा: मुलगी पंधरा वर्षांची, जिल्हा पातळीवर १०० आणि २०० मीटर धावते. शाळेतल्या सरांच्या स्टॉपवॉचवर १०० ला १२.९ आणि २०० ला २६.८ सेकंद लागतात. तिला ‘पी. टी. उषासारखं’ ४०० मीटर हर्डल्सकडे, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीकडे, वळवा आणि येत्या स्पर्धेत जितक्या शर्यती मिळतील तितक्यांत उतरवा, असा सल्ला पालकांना मिळाला आहे. तो ऐकावा का?

हर्डल्स शिकवायला आजच सुरुवात करा. ४०० मीटर हर्डल्सची पूर्ण शर्यत मात्र अजून दोन वर्षं नको, आणि एका स्पर्धेत पाच-सहा शर्यती तर मुळीच नकोत. उषा यांच्या नावाने हा सल्ला दिला जातो, पण त्यांची कारकीर्द ज्या क्रमाने घडली तो क्रमच त्यात उलटा झाला आहे. म्हणून आधी तो क्रम नीट बघू.

एक गोष्ट त्याआधी. हातातल्या घड्याळाची वेळ ही इलेक्ट्रॉनिक वेळ नव्हे. घड्याळ दाबणारा स्टार्टरच्या पिस्तुलाचा आवाज ऐकून किंवा धूर पाहून बटण दाबतो, तेवढा उशीर धावपटूच्या खात्यात फुकट जमा होतो. १०० आणि २०० साठी सर्वसाधारणपणे ०.२४ सेकंद, ४०० साठी ०.१४ सेकंद मिळवून तुलना करतात. म्हणजे मुलीची खरी वेळ १३.१४ आणि २७.०४ च्या आसपास धरा. पंधराव्या वर्षी ही चांगली वेळ आहे. पण राष्ट्रीय स्पर्धेतल्या आकड्यांशी तुलना करताना हा फरक विसरला, तर अपेक्षा भलतीकडे जातात आणि त्याचं ओझं मुलीवर येतं.

उषा यांचा जन्म १९६४ चा, केरळच्या कोझिकोड जिल्ह्यातला, वाढल्या पय्योळीत. १९७६ मध्ये केरळ सरकारने कन्नूरला मुलींसाठी क्रीडा विभाग सुरू केला, त्यात त्यांची निवड झाली आणि तिथेच ओ. एम. नंबियार हे प्रशिक्षक त्यांना मिळाले. दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, कोल्लमच्या ज्युनियर स्पर्धेत त्यांनी सहा पदकं घेतली. ती कशात, हे इथे फार महत्त्वाचं आहे: १०० मीटर, २०० मीटर, ६० मीटर हर्डल्स आणि उंच उडी यांत सुवर्ण, लांब उडीत रौप्य, शिवाय रिलेत कांस्य. चौदाव्या वर्षी ही मुलगी वेगाने धावत होती, अडथळ्यावरून जात होती, एका पायावर उडत होती. ४०० मीटर तिच्या यादीत कुठेच नव्हते.

पुढे १९८० ला सोळाव्या वर्षी मॉस्को ऑलिंपिक, तिथे १०० मीटर. हीटमध्येच, म्हणजे प्राथमिक फेरीतच, त्या पाचव्या आल्या आणि स्पर्धा संपली. १९८२ ला दिल्ली एशियाड: १०० आणि २०० मध्ये रौप्य. त्याच दिल्लीत ४०० हर्डल्सचं सुवर्ण एम. डी. वलसम्मा यांनी ५८.४७ सेकंदात जिंकलं. उषा तेव्हा या शर्यतीत नव्हत्याच. १९८३ ला कुवेतच्या आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धेत (ही एशियाडपेक्षा वेगळी) त्यांनी सपाट ४०० मध्ये सुवर्ण घेतलं. आणि १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये, महिलांची ४०० हर्डल्स ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदाच आली तेव्हा, त्या फायनलमध्ये ५५.४२ धावल्या.

म्हणजे वेग आणि उड्या आधी, मग २०० मध्ये आशियाई दर्जा, मग सपाट ४००, आणि वयाच्या विसाव्या वर्षी ४०० हर्डल्स. सल्ला देणारे या साखळीचं फक्त शेवटचं टोक पाहतात.

या क्रमाला महत्त्व का, ते आकड्यांतूनच दिसतं. १९८५ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत उषा यांनी सपाट ४०० मीटर ५२.६२ मध्ये आणि ४०० हर्डल्स ५६.६४ मध्ये जिंकली. फरक ४.०२ सेकंद. १९८६ च्या सोल एशियाडमध्ये ५२.१६ आणि ५६.०८; फरक ३.९२. दोन्ही ठिकाणी त्या इतर शर्यतीही धावत होत्या, शिवाय जिंकणारी धावपटू प्रत्येक वेळी जीव तोडून धावतेच असं नाही, म्हणून हे आकडे अगदी काटेकोर धरू नयेत. तरी साधारण चार सेकंदांचा फरक दोन वर्षं टिकून आहे. तो दहा अडथळ्यांत वाटला तर प्रत्येक अडथळ्याला चार दशांश सेकंद जातात. आजची जगातली सर्वोत्तम सिडनी मॅकलॉफ्लिन-लेव्हरोन सपाट ४७.७८ आणि अडथळ्यांसह ५०.३७ धावली आहे. तिचा फरक २.५९, म्हणजे अडथळ्यामागे अडीच दशांशच्या जवळपास.

यावरून माझं मत असं की उषा यांना फायनलपर्यंत नेलं ते त्यांच्या सपाट वेगाने. अडथळ्यावरचं कसब त्या मानाने नवीन होतं, आणि तरीही त्यांनी ऑलिंपिकच्या पहिल्या चारांत जागा घेतली. हे त्यांचं मोठेपण आहे. ज्या मुलीकडे तो वेगच अजून आलेला नाही, तिला आधी हर्डल्सच्या लांब शर्यतीत घातलं तर ती मंद लयीत अडथळे पार करायला शिकते. पुढे वेग वाढला की तिचं पावलांचं सगळं गणित मोडतं आणि पुन्हा पहिल्यापासून बसवावं लागतं. दोन-तीन वर्षांची मेहनत अशी वाया जाते.

आता ज्या एक शतांश सेकंदाने उषा यांचं कांस्य हुकलं त्याबद्दल, कारण तो भावनेने फार सांगितला जातो आणि त्याचा हिशोब क्वचितच मांडला जातो. ८ ऑगस्ट १९८४ ची फायनल: मोरोक्कोची नवाल अल मुतवक्कील ५४.६१, अमेरिकेची ज्युडी ब्राउन ५५.२०, रोमानियाची क्रिस्तिना कोजोकारू ५५.४१, उषा ५५.४२, स्वीडनची अॅन-लुईस स्कूग्लुंड ५५.४३. तिसरी, चौथी, पाचवी यांच्यात एकेक शतांश.

या दर्जाची धावपटू शेवटच्या सपाट ४० मीटरमध्ये साधारण सेकंदाला सहा-साडेसहा मीटर वेगाने धावते. म्हणजे एक शतांश सेकंद म्हणजे सहा-साडेसहा सेंटिमीटर. चार बोटांची रुंदी. फोटो-फिनिशमध्ये पाय, हात किंवा डोकं मोजलं जात नाही, फक्त धड मोजतात. मानेच्या खाली, खांदा आणि छातीचा जो भाग रेषेच्या उभ्या पातळीला आधी पोचेल तो. शेवटच्या पावलावर छाती पुढे झुकवली तर यापेक्षा जास्त अंतर सहज मिळतं. झुकणं लवकर झालं तर वेग पडतो, उशिरा झालं तर उपयोगच नाही. म्हणून हा सराव आठवड्यातून एकदा तरी हवा: ४० मीटर धाव, रेषेच्या आधीच्या शेवटच्या पावलावर झुकणं, चार ते सहा वेळा, बाजूला फोन ठेवून स्लो-मोशनमध्ये चित्रण. बहुतेक मुली रेषेच्या दोन-तीन पावलं आधी झुकतात किंवा रेषेवर येऊन थांबायला लागतात. रेषा पाच मीटर पुढे आहे असं समजून धावायला सांगा. त्यासाठी ४५ मीटरवर प्लास्टिकचा शंकू (कोन) ठेवा.

त्या फायनलच्या आधी एक फॉल्स स्टार्ट (इशाऱ्याआधीच सुटणं) झाला होता, आणि पहिल्या वेळी उषा यांची सुरुवात चांगली झाली होती असं सांगितलं जातं. तेव्हाच्या नियमात प्रत्येकीला एक चूक माफ होती. आता पहिल्याच चुकीला बाहेर काढतात. तरी स्टार्टरने सगळ्यांना परत उभं करण्याची वेळ आजही येते: गर्दीचा आवाज, सुरुवातीला पाय टेकवायचा ब्लॉक सरकणं, कोणाचा तरी तोल जाणं. याचा सराव करता येतो आणि फार थोडे जण करतात. महिन्यातून एक-दोनदा मुद्दाम शिट्टी वाजवून परत बोलवा. तिने लगेच थांबावं, सावकाश चालत ब्लॉकमागे यावं, नाकाने तीन-चार लांब श्वास घ्यावेत, ब्लॉकची खिट्टी बसली आहे का ते पायाने दाबून पाहावं, एकच छोटी उसळी घेऊन पुन्हा बसावं. हे अंगवळणी पडलं की दुसरा स्टार्ट पहिल्यासारखाच निघतो.

आता शर्यतीचा सांगाडा. ४०० मीटर महिला हर्डल्समध्ये दहा अडथळे, उंची ७६.२ सेंटिमीटर. सुरुवातीपासून पहिल्यापर्यंत ४५ मीटर, मग प्रत्येकी ३५ मीटरवर पुढचा, आणि शेवटच्यानंतर ४० मीटर सपाट. सिंथेटिक ट्रॅकवर या अडथळ्यांच्या जागा हिरव्या खुणांनी आखलेल्या असतात. मातीच्या ट्रॅकवर टेपने मोजून चुन्याने आखाव्या लागतात, आणि वळणावर मोजताना टेप आतल्या रेषेपासून ठरलेल्या अंतरावर वळवत न्यायची असते. सरळ ताणली तर अंतर चुकतं आणि मुलीची पावलं का बसत नाहीत ते कोणालाच कळत नाही.

३५ मीटरमध्ये पूर्ण ३५ मीटर धावायचं नसतं. अडथळ्याच्या साधारण दोन मीटर आधी उडी सुटते आणि पलीकडे एक मीटरभर अंतरावर पाय टेकतो. उरतात ३२ मीटर. त्यात १५ पावलं टाकायची तर प्रत्येक पाऊल २.१३ मीटर हवं, १६ टाकायची तर २ मीटर, १७ साठी १.८८, आणि १९ साठी १.६८. विषम आकडा असला की दर वेळी तोच पाय पुढे येतो. सम आकडा असला की प्रत्येक अडथळ्याला पाय बदलतो. म्हणून ज्या मुलीला एकाच पायाने उडी घेता येते तिच्यापुढे दोनच वाटा राहतात: १७ जमेनासे झाले की थेट १९. मधला १८ चा टप्पा तिला बंद. आणि १७ वरून एकदम १९ वर येताना पावलं आखडतात, वेग गळतो, पुन्हा वेग धरायला ताकद लागते. सहाव्या ते आठव्या अडथळ्याच्या दरम्यान, दुसऱ्या वळणावर, थकवा चढत असताना नेमकं हेच घडतं. अडथळ्यापुढे दोन-तीन आखूड पावलं टाकून जागा शोधणं हा या शर्यतीतला सगळ्यात महागडा दोष आहे. एकेका ठिकाणी दोन-तीन दशांश सेकंद जातात.

त्यामुळे पंधराव्या वर्षी सगळ्यात मोलाची गुंतवणूक म्हणजे दोन्ही पायांनी अडथळा घेता येणं. नंतर शिकणं शक्य असतं, पण फार अवघड जातं. वळणावर डावा पाय पुढे असेल तर फायदा होतो, कारण धावपटू लेनच्या आतल्या बाजूने जाऊ शकते. उजवा पाय पुढे असेल तर मागून येणारा डावा पाय अडथळ्याच्या आतल्या बाजूने, वरच्या पातळीच्या खालून निघून जाण्याचा धोका असतो, आणि तसं झालं तर शर्यतीतून बाद. उजव्या पायाच्या मुलीला वळणावर लेनच्या मधोमध किंवा थोडं बाहेरून अडथळा घ्यायला शिकवावं.

५५.४ सेकंदांच्या शर्यतीचा अंदाजे नकाशा असा मांडता येतो: पहिल्या अडथळ्यापलीकडे पाय टेकेपर्यंत ६.६ सेकंद, मग पुढचे टप्पे ४.३ पासून सुरू होऊन दर टप्प्याला दशांशभर वाढत शेवटी ५.१, आणि अखेरच्या ४० मीटरला ६.५. ही उषा यांच्या शर्यतीची मोजणी नव्हे, त्या वेळेपर्यंत पोचण्याचा साचा आहे. त्यातून एक गोष्ट दिसते: वेग सगळ्यांचाच घसरतो, प्रश्न फक्त किती समान घसरतो एवढाच. पहिले तीन टप्पे ४.१ मध्ये काढणारी मुलगी आठव्याला ५.५ वर येते आणि मिळवलेलं सगळं परत देते.

म्हणून मोजणी शिका. कडेला उभं राहून प्रत्येक अडथळ्यापलीकडे पाय टेकताच फोनच्या घड्याळात लॅप दाबायचा. दोन-चार सराव झाले की दुखरी जागा कागदावर उमटते. नुसती एकूण वेळ लिहून ठेवण्यात काही अर्थ नाही.

या मुलीसाठी पहिल्या वर्षाचा आठवडा साधारण असा असावा. सोमवारी वेग: नीट वॉर्मअपनंतर ब्लॉकमधून ६ वेळा ३० मीटर, प्रत्येकीनंतर तीन मिनिटं विश्रांती, मग ३ वेळा ६० मीटर आणि मध्ये सहा मिनिटं. विश्रांती कापली की तो वेगाचा सराव राहत नाही, दमण्याचा सराव होतो. सगळ्यात जास्त चूक इथेच होते. मंगळवारी हर्डल्सचं कसब: ५० ते ६० सेंटिमीटर उंचीचे पाच अडथळे, चालत पार करणं, दोन्ही बाजूंनी, मग ७ ते ७.५ मीटर अंतरावर ठेवून तीन पावलांत, डाव्या पायाने चार फेऱ्या, उजव्याने चार, आणि पाच पावलांचं अंतर लावून पुन्हा चार. बुधवारी विश्रांती किंवा पोहणं, चालणं. गुरुवारी ताकद: पायऱ्यांवर किंवा बसकण मारून उठणं, एका पायाचे लंज (एक पाय पुढे टाकून गुडघा वाकवणं), पोटरीसाठी टाचा उचलणं १५ च्या तीन खेपा, आणि हॅमस्ट्रिंगसाठी (मांडीमागचे स्नायू) गुडघ्यावर बसून हळू पुढे झुकणं, पाच-पाचच्या दोन खेपा. शुक्रवारी २ ते ३ वेळा १५० मीटर, ९० टक्के वेगात, मध्ये आठ ते दहा मिनिटं. शनिवारी हिरव्या खुणांवर फक्त पहिले दोन अडथळे ब्लॉकमधून, ४ ते ५ वेळा, पावलं मोजत. पहिल्या अडथळ्यापर्यंत २३ ते २५ पावलं बहुतेक मुलींना लागतात. दर वेळी तोच आकडा आला पाहिजे. रविवारी पूर्ण सुट्टी. वयोगटात ८० मीटर हर्डल्स असेल तर पुढच्या हंगामापासून, १०० किंवा २०० च्या ऐवजी, ती शर्यत जरूर धावू द्या.

अडथळे कसे आहेत तेही तपासा. नियमाचा अडथळा वरच्या पट्टीला साधारण ३.६ किलोचा जोर लागला की पडतो. शाळांमधले वेल्डिंग करून घेतलेले चौकटी अडथळे पडतच नाहीत. मुलगी एकदा त्यावर आपटली की महिनाभर उंच उड्या मारत राहते. घरचे बनवायचेच असतील तर दोन कोन आणि वर पीव्हीसीची सुटी नळी, इतकं पुरतं. आणि अडथळा नेहमी त्याच्या पायांच्या बाजूने घ्यायचा, उलट बाजूने कधीच नाही, कारण तिकडून धक्का लागला तर तो आडवा होत नाही.

उषा यांच्या नावाबरोबर समुद्राच्या वाळूतला सराव येतोच, आणि कोकणात, गोव्यात राहणारे पालक हमखास विचारतात. वाळूचा उपयोग आहे, पण कुठली वाळू हे महत्त्वाचं. भरतीच्या रेषेवरच्या सुक्या भुसभुशीत वाळूत पाय रुततो, जमिनीवर पाय टेकण्याचा वेळ वाढतो आणि पोटरीवर फार ताण येतो. वेगाच्या सरावाला ती निरुपयोगी आहे; ताकदीसाठी आठवड्यातून एकदा, ६ ते ८ वेळा २० मीटर चढणीकडे, इतकी पुरे. ओहोटीनंतरची ओली घट्ट वाळू मऊ धावेला छान असते, पण किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेने धावलं तर एक पाय सतत खाली राहतो आणि नितंब, गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागते. जेवढं जाल तेवढंच परत या. अनवाणी धावायचं तर पहिले दोन आठवडे दहा मिनिटांच्या वर नको.

जाकार्ता १९८५ मुळे ‘जास्तीत जास्त शर्यती’ हा गैरसमज पसरला. त्या स्पर्धेत उषा यांनी १०० (११.६४), २०० (२३.०५), ४००, ४०० हर्डल्स आणि ४ बाय ४०० रिले अशी पाच सुवर्णं आणि ४ बाय १०० रिलेचं कांस्य मिळवलं. पुढच्या वर्षी सोलला २००, ४००, ४०० हर्डल्स आणि रिलेचं सुवर्ण, १०० मध्ये फिलिपीन्सच्या लिडिया डी वेगामागे रौप्य. १९८९ ला दिल्लीच्या आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धेत पुन्हा चार सुवर्णं. अशी कामगिरी आशियात दुसऱ्या कोणाची शोधायला गेलं तर दमछाक होते.

पण जाकार्तात त्या २१ वर्षांच्या होत्या आणि कन्नूरपासून नऊ वर्षांचा अखंड, एका माणसाच्या देखरेखीखालचा सराव पाठीशी होता. शाळकरी मुलीच्या शरीरात तो साठा नसतो. जोराची ४०० धावल्यावर रक्तात साठलेलं लॅक्टेट (जोराच्या धावेत तयार होणारं द्रव्य) खाली यायला तासभर सहज लागतो, आणि स्नायूंची झटपट आकुंचन पावण्याची क्षमता परत यायला त्याहून जास्त. दमलेल्या हॅमस्ट्रिंगवर २०० चा वळणाचा वेग टाकला की मांडीच्या मागे ‘टक्’ होतं आणि हंगाम संपतो. शालेय स्पर्धांत उन्हात, दोन हीटमध्ये चाळीस मिनिटांचं अंतर, वॉर्मअपला जागा नाही, अशा स्थितीत हे नेहमी पाहायला मिळतं. या वयात दोन वैयक्तिक शर्यती आणि एक रिले ही मर्यादा ठेवा. नियमात तिसरी बसत असली तरी नको. संघाला गुण हवे असतात हे खरं आहे. त्या दबावापुढे पालकांनीच उभं राहावं लागतं.

खाण्याबद्दल. लॉस एंजेलिसच्या क्रीडाग्रामात सवयीचं जेवण नव्हतं, तांदळाची पेज आणि लोणचं यांवर भागवावं लागलं आणि शेवटच्या ३५ मीटरमध्ये त्याचा परिणाम जाणवला, असं उषा यांनी नंतर मुलाखतीत सांगितलं आहे. आज इतकं माहीत असूनही राज्य स्पर्धांना मुली वडापाव आणि सरबतावर धावतात. शर्यतीच्या तीन तास आधी वरण-भात किंवा पोहे, तेल कमी, तिखट कमी. दीड तास आधी एक केळं. दोन फेऱ्यांच्या मध्ये वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ग्रॅम पिष्टमय अन्न दर तासाला: ५० किलोच्या मुलीला दोन मध्यम केळी, किंवा एक केळं आणि राजगिऱ्याचे दोन-तीन लहान लाडू. शेंगदाण्याची चिक्की तेव्हा नको, पचायला वेळ लागतो; ती संध्याकाळी. पाणी घोट-घोट, त्यात चिमूटभर मीठ आणि साखर. दिवस संपल्यावर अर्ध्या-एक तासात पूर्ण जेवण, त्यात अंडी, पनीर, मासे किंवा उसळ. बाहेरगावी जाताना मुलीच्या सवयीचं अन्न डब्यात बरोबर न्या. नवीन पदार्थ स्पर्धेच्या दिवशी कधीच देऊ नका.

वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. फेरिटिन कमी असेल तर हिमोग्लोबिन ठीक असूनही मुलगी तिसऱ्या शतकात, म्हणजे २०० ते ३०० मीटरमध्ये, ढेपाळते. पाळी तीन महिने आली नाही तर ती ‘खेळामुळे होतं’ म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक वेळा खाणं सरावाला पुरत नसतं आणि पुढे नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो. डॉक्टरांकडे न्या.

दुखापतीबद्दल उषा यांचं १९८८ चं वर्ष डोळ्यांसमोर ठेवा. सोल ऑलिंपिकला त्या टाचेच्या दुखापतीसह उतरल्या आणि हीटमध्येच ५९.५५ मध्ये शेवटच्या आल्या. दोन वर्षांपूर्वी त्याच शहरात ५६.०८ धावलेली धावपटू. टाच आणि अकिलीजचं (टाचेवरच्या जाड शिरेचं) दुखणं एका दिवसात येत नाही. सकाळी उठल्यावर पहिल्या दहा-बारा पावलांना टाच दुखते, मग मोकळी होते: ही पहिली सूचना. वॉर्मअपनंतर दुखणं जातं आणि सरावानंतर परत येतं: ही दुसरी. या टप्प्यावर स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) बंद, उड्या बंद, धावणं निम्म्यावर, आणि पोटरीची हळू ताकद सुरू, तर बहुतेक वेळा तीन-चार आठवड्यांत सुटका होते. लंगडत धावायला लागल्यावर थांबलं तर महिने जातात. दहामध्ये तीनच्या वर दुखणं असेल तर त्या दिवशी सराव नाही, स्पर्धा कुठलीही असो. आणि टाचेत इंजेक्शन घेऊन मुलीला शर्यतीला उतरवणं हा विचारच मनात आणू नका.

उषा यांची पुढची वर्षं कमी बोलली जातात. १९९० ला बीजिंग एशियाडमध्ये तीन रौप्यं, मग लग्न आणि विश्रांती, मग पुनरागमन. १९९८ ला फुकुओकाच्या आशियाई स्पर्धेत, आई झाल्यानंतर आणि चौतीसाव्या वर्षी, २०० आणि ४०० मध्ये कांस्य, ४ बाय १०० रिलेत सुवर्ण. मॉस्कोपासून मोजलं तर अठरा वर्षं. लहानपणी वेगाचा पाया पक्का झाला की तो किती टिकतो, याचं हे उदाहरण आहे. २००० ला त्या थांबल्या आणि २००२ मध्ये त्यांची स्वतःची शाळा सुरू झाली. तिथून पुढे आलेलं सगळ्यात मोठं नाव टिंटू लुका, आणि ती धावली ८०० मीटर. २०१० मध्ये १:५९.१७ चा राष्ट्रीय विक्रम. उषा यांनी तिला आपल्यासारखी हर्डलर करण्याचा हट्ट धरला नाही. मुलीचं शरीर कुठे ओढ घेतंय ते पाहिलं.

५५.४२ ची बरोबरी व्हायला ३९ वर्षं लागली. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडच्या हीटमध्ये विद्या रामराजने नेमकी तीच वेळ दिली आणि फायनलमध्ये कांस्य घेतलं. त्याच स्पर्धेत ४ बाय ४०० रिलेत रौप्य मिळवणाऱ्या भारतीय संघात विद्याबरोबर मुंबईची ऐश्वर्या मिश्रा होती. ऐश्वर्याची ओळख सपाट ४०० ची. महाराष्ट्रातल्या मुलींना समोर ठेवायला हे अधिक जवळचं उदाहरण आहे: चांगली २०० असलेल्या मुलीला भारतीय संघात जायची एक वाट रिलेतूनही जाते.

तर या मुलीचा निर्णय सतराव्या वर्षी घ्या, आणि तेव्हा चार गोष्टी तपासा. इलेक्ट्रॉनिक घड्याळावर २०० मीटर २६ च्या आत आहे का. सपाट ४०० मीटर ५९ च्या आत, शेवटच्या शंभरात न कोलमडता, होतं का. ७६.२ सेंटिमीटरचा अडथळा दोन्ही पायांनी, वेगात, न थबकता घेता येतो का. पाच अडथळे आणि २०० मीटर अशी चाचणी घेतली तर सपाट २०० पेक्षा फरक दोन सेकंदांच्या आत राहतो का. चारही जमलं तर आधी ३०० मीटरवर सात अडथळ्यांची शर्यत सरावात तीन-चार वेळा, मग पूर्ण चारशे, हंगामात चार-पाचहून अधिक नाही. पहिल्या दोन अटी जमल्या आणि तिसरी नाही, तर ती सपाट ४०० ची धावपटू आहे. तिसरी जमली आणि दुसरी नाही, तर १०० मीटर हर्डल्स बघा. तिथे अडथळ्यांची उंची ८३.८ सेंटिमीटर आणि अंतर साडेआठ मीटर असतं, त्यामुळे उंची आणि सुरुवातीचा वेग जास्त लागतो. आत्ताचा हंगाम मात्र १००, २०० आणि रिलेचाच ठेवा, आणि पुढच्या स्पर्धेच्या प्रवेशअर्जावर बाकीचे रकाने रिकामे सोडा.